आरोपी गणवेशातला असेल तर: मुंबईत खासगी फिर्याद कशी दाखल करावी

कुलाब्याचं नेव्ही नगर, मालाडचं आयएनएस हमला, कलिन्याची लष्करी छावणी, कॉटन ग्रीनचं हवाई दलाचं ठाणं. मुंबईत फौज शहराला लागूनच राहते. त्यामुळे भांडणं, अपघात आणि कधी त्याहून वाईट गुन्हेही घडतात. पोलीस ठाण्यात गेलं की ऐकावं लागतं, "हे मिलिटरीचं प्रकरण, तिकडे जा." गेटवर गेलं की उत्तर मिळतं, "पोलिसांत जा." या येरझारांत आठवडे जातात आणि पुरावा तेवढ्यात नाहीसा होतो. पोलिसांनी दाद दिली नाही तर तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यापुढे मांडता ती तक्रार म्हणजे खासगी फिर्याद.

फौजेतला माणूस नागरी वस्तीत गुन्हा करतो तेव्हा साध्या फौजदारी कोर्टाचा त्याच्यावरचा अधिकार संपत नाही. मुंबईला हे कमांडर नानावटी खटल्याने दाखवलेलं आहे. १९५९ साली नौदलाचा सेवेतला अधिकारी खुनाच्या आरोपाखाली मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे उभा राहिला. ज्यूरीने त्याला निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षी मेजर बारसे विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लष्कर कायदा साध्या न्यायालयांचा अधिकार काढून घेत नाही. साधं न्यायालय आणि कोर्ट मार्शल, म्हणजे फौजेचं स्वतःचं न्यायालय, या दोघांनाही अधिकार असतो. तेव्हा तुम्हाला ठाण्यात कोणी "कोर्ट मार्शलच होईल" असं सांगितलं, तर ते अर्धंच खरं असतं.

आधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, आरोपी कोणत्या दलाचा आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे कायदे वेगळे आहेत, तटरक्षक दलाचा कायदाही वेगळा. विमानतळावर दिसणारा सीआयएसएफचा जवान गणवेशात असला तरी त्याच्यावर कोर्ट मार्शल चालत नाही. चुकीच्या दलाला नोटीस गेली की महिने वाया जातात.

दुसरी, गुन्हा कोणता. लष्कर कायद्याचं कलम ७० आणि हवाई दल व नौदलाच्या कायद्यांतली तशीच कलमं एक गोष्ट स्पष्ट करतात: लष्करी कायद्याखाली न येणाऱ्या माणसाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा अशा व्यक्तीवरचा बलात्कार, हे गुन्हे देशात, शांततेच्या ठिकाणी घडले असतील तर कोर्ट मार्शल चालवताच येत नाही. 'सक्रिय सेवेवर' असताना, देशाबाहेर किंवा अधिसूचनेने ठरवलेल्या ठिकाणी घडलेल्या गुन्ह्यांसाठी अपवाद आहे. शांततेच्या काळात मुंबईत असा गुन्हा घडला तर साधं न्यायालय हाच रस्ता आहे, आणि हे फिर्यादीत पहिल्या पानावर लिहावं. मारहाण, चोरी, फसवणूक, विनयभंग, निष्काळजीपणाने मृत्यू यांत मात्र दोन्ही दारं उघडी असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आरोपी त्या वेळी कामगिरीवर होता का? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम २१८ नुसार, सैन्यदलाच्या माणसाने अधिकृत कर्तव्य बजावताना किंवा बजावत असल्याचं दाखवताना केलेल्या गुन्ह्याची दखल केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्टाला घेता येत नाही. पण मंजुरीचं हे छत्र कर्तव्यापुरतं आहे, नोकरीपुरतं नाही. गुन्हा आणि कर्तव्य यांच्यात वाजवी नातं आहे का, हे कोर्ट बघतं. सुट्टीवर, साध्या कपड्यांत, पार्किंगवरून भांडून कोणाचं डोकं फोडलं तर त्या कृत्याचा कर्तव्याशी काही संबंध नाही.

उलट टोकाचं उदाहरण बघा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी देत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. माणसं दगावली आणि कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अशा घटनेत बोट चालवणारा कामावर होता यावर वादच नसतो, म्हणून मंजुरीचा मुद्दा पहिल्या दिवसापासून समोर असतो. तुमचं प्रकरण या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं, हे वकिलासोबत बसून एका कागदावर लिहा. पुढची सगळी आखणी त्या कागदावर उभी राहते.

पहिले पंधरा दिवस

दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत जुनं चित्रण थोड्याच दिवसांत नव्याखाली पुसलं जातं. म्हणून घटनेच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या: "अमुक तारखेचं, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंतचं चित्रण जपून ठेवा." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच नंतर सोन्याची ठरते. चित्रण मिळालं तर मूळ रेकॉर्डरवरून कॉपी करा आणि त्याच वेळी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र तयार करून घ्या. त्याचे दोन भाग असतात. भाग 'अ' चित्रण देणाऱ्याने भरायचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसह (फाइलची डिजिटल ओळख पटवणारा आकडा). हे प्रमाणपत्र नसलं की सहा महिन्यांनी कोर्टात पेनड्राइव्ह असूनही हात रिकामेच राहतात. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओवर विसंबू नका. दाबलेल्या फाइलची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

जखमी असेल तर केईएम, सायन, नायर, कूपर किंवा जे.जे.सारख्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाऊन 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद करा. जखम कशाने झाली आणि कोणी केली, हे डॉक्टरला सांगा. केस पेपरवर "पडून लागलं" असं लिहिलं गेलं की खटल्यात तेच वाक्य उलटतपासणीचं पहिलं हत्यार बनतं. केस पेपर, एक्स-रे आणि शवविच्छेदनाच्या नोट्सची प्रत मागून घ्या.

आरोपीचं नाव माहीत नसलं तरी हरकत नाही. फिर्याद ज्ञात किंवा अज्ञात व्यक्तीविरुद्धही करता येते. गाडीचा क्रमांक, गाडीवरची बाणाची खूण, खांद्यावरची पट्टी, नावाची पाटी, गेटचा क्रमांक, वेळ, जे आठवतं ते लगेच लिहून ठेवा. गेटच्या नोंदवहीवर आरोपीची येण्या-जाण्याची वेळ असते. ती मागवण्याचा अधिकार कोर्टाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली आहे (पुढे कायद्याचं नाव न देता कलम लिहिलं असेल तर ते याच संहितेचं). म्हणून नोंदवही जपून ठेवा अशी विनंती युनिटला स्पीड पोस्टने आधीच करून ठेवा.

पोलीस ठाणं: ही पायरी गाळू नका

मारामारीच्या साध्या दुखापतीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली, ठाण्यात 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि घरी पाठवतात. त्या गुन्ह्याला कमाल एक वर्षाची शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात कोर्टात जायची मुदतही कलम ५१४ प्रमाणे एकच वर्ष. एक ते तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षं. एनसीच्या भरवशावर बसलेल्या अनेकांची मुदत याच कारणाने संपते. मुदत फिर्याद दाखल केल्याच्या तारखेने मोजतात, दखल घेतल्याच्या तारखेने नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं आहे. हाड मोडलं असेल, जबर दुखापत असेल, तर तो दखलपात्र गुन्हा आहे आणि एफआयआर नोंदवायलाच हवा. वैद्यकीय कागद हातात घेऊन तेच मागा.

लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घेतली नाही तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने सिनियर इन्स्पेक्टरला पाठवा. मग कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना, मुंबईत परिमंडळाच्या डीसीपीला, लिहा. या दोन पायऱ्या झाल्याचा पुरावा आणि त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र नसेल तर न्यायदंडाधिकारी कलम १७५(३) चा अर्ज ऐकत नाहीत. प्रतिज्ञापत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घातली होती. आता ती कायद्यातच आली आहे.

दोन अर्ज, दोन कामं

कलम १७५(३) चा अर्ज म्हणजे "पोलिसांना तपास करायला सांगा". कलम २२३ ची फिर्याद म्हणजे "मी पुरावा देतो, कोर्टाने दखल घ्यावी". कॉल रेकॉर्ड, ओळख परेड, न्यायवैद्यक अहवाल लागणार असतील तर पहिला रस्ता घ्या. साक्षीदार आणि कागद तुमच्याच हातात असतील तर दुसरा. पहिला अर्ज फेटाळला गेला तरी दुसरा रस्ता उघडा राहतो. काही वकील एकाच अर्जात दोन्ही मागण्या लिहितात. तसं चालतं, पण मागण्या एकात एक मिसळू देऊ नका.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी किंवा पोलिसांनी त्याच घटनेचा वेगळा गुन्हा नोंदवला असेल तर कलम २३३ खाली तुमची फिर्याद थांबवून पोलीस अहवाल मागवला जातो. हे कळल्यावर धक्का बसू नये म्हणून आधीच ठाण्यात माहिती घ्या.

फिर्याद लिहिताना

घटना ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडली, त्या ठाण्याला जोडलेल्या कोर्टात फिर्याद द्यायची असते. कुलाब्याकडची प्रकरणं साधारण फोर्टच्या किल्ला कोर्टात येतात. इतर ठिकाणी ठाण्यातच विचारून घ्या, कारण चुकीच्या कोर्टात गेलेला कागद परत येतो आणि तारीख जाते. मुलगा काश्मीरमध्ये किंवा ईशान्येला मारला गेला आणि घरचे मुंबईत आहेत, अशा वेळीही कोर्ट घटनेच्या ठिकाणचंच. तिथे अफ्स्पा, म्हणजे सैन्यदलांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू असेल तर त्याचं मंजुरीचं कलम वेगळं आणि अधिक कडक आहे.

फिर्यादीत आरोपीचं नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, युनिट, युनिटचा पत्ता, घरचा पत्ता लिहा. बदल्या होत राहतात, म्हणून जमल्यास रेकॉर्ड ऑफिसचाही (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पत्ता द्या. घटना काळाच्या क्रमाने, एका परिच्छेदात एकच बाब. साक्षीदारांची यादी फिर्यादीसोबतच जोडा, कारण ती नसेल तर कलम २२७ प्रमाणे समन्स काढता येत नाही. आरोपींच्या संख्येइतक्या प्रती आणि समन्सची फी तयार ठेवा.

कर्तव्याचा प्रश्न आरोपी उठवणारच आहे. त्याला उत्तर पहिल्या भागातच द्या. परिच्छेद असा असू शकतो:

"दिनांक … रोजी रात्री सुमारे ११.४० वाजता आरोपी साध्या कपड्यांत, स्वतःच्या दुचाकीवर होता. त्याच्याकडे शासकीय वाहन किंवा शस्त्र नव्हतं. कोणत्याही कामगिरीवर असल्याचं त्याने त्या वेळी सांगितलं नाही. वाद दुचाकी लावण्यावरून झाला. आरोपीने हेल्मेटने फिर्यादीच्या डोक्यावर दोन वार केले. या कृत्याचा आरोपीच्या अधिकृत कर्तव्याशी कसलाही संबंध नाही, म्हणून कलम २१८ ची मंजुरी लागत नाही."

यातलं प्रत्येक वाक्य एखाद्या साक्षीदाराच्या किंवा कागदाच्या आधारावर उभं राहायला हवं. राग असला तरी "नराधम", "गुंड" असले शब्द टाळा. एक जरी आरोप अतिरेकी निघाला तरी बाकीच्या खऱ्या गोष्टींवर संशय येतो. तक्रार वाजवी कारणाशिवाय केली असं ठरलं तर कलम २७३ खाली भरपाईही भरावी लागते.

दाखल झाल्यावर

तुम्हाला शपथेवर जबाब द्यावा लागतो. मुंबईच्या कोर्टात याला सगळे 'व्हेरिफिकेशन' म्हणतात. वकिलाने टाइप केलेली फिर्याद आदल्या रात्री वाचून जा. जबाबात वेळ किंवा ठिकाण वेगळं आलं तर ती तफावत शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. नव्या संहितेत एक मोठा बदल आहे: आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. शिवाय कृत्य कर्तव्याच्या ओघात घडलं असा आरोप असेल तर कलम २२३(२) खाली आरोपीचं म्हणणं आणि त्याच्या वरिष्ठाचा अहवाल दोन्ही लागतात. इथे प्रकरणं अडकतात, कारण युनिटकडून अहवाल वेळेवर येत नाही. कोर्टाकडे मुदत ठरवून स्मरणपत्र पाठवण्याचा अर्ज करा, आणि प्रत्येक तारखेला "अहवाल आलेला नाही" हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत, लिहून घ्या. उद्या उच्च न्यायालयात दाद मागायची झाली तर हा रोजनामाच बोलतो.

खून, बलात्कार यांसारखा फक्त सत्र न्यायालयात चालणारा गुन्हा असेल तर कलम २२५ खालच्या चौकशीत तुमचे सगळे साक्षीदार न्यायदंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर तपासावे लागतात. एखादा साक्षीदार गावी गेला आणि राहून गेला तर नंतर "हा आता कुठून उगवला" असा प्रश्न येतो. म्हणून आधी सगळ्यांची तयारी, मग फिर्याद.

समन्स आरोपीच्या घरी पाठवून काही होत नाही. कलम ६८ प्रमाणे सरकारी नोकराचं समन्स त्याच्या कार्यालय प्रमुखामार्फत बजावतात, इथे कमांडिंग ऑफिसरमार्फत. कर्तव्यावर केलेल्या कृत्यासाठी सैनिकाला अटक करायची तर कलम ४२ प्रमाणे केंद्राची परवानगी लागते. त्यामुळे अशा प्रकरणात लगेच अटक होईल अशी आशा घरच्यांना देऊ नका.

मंजुरी लागलीच तर

संरक्षण मंत्रालयाकडे अर्ज करा. फिर्याद, वैद्यकीय कागद, साक्षीदारांचे जबाब, कोर्टाचा आदेश, सगळं एकत्र, अनुक्रमणिकेसह, स्पीड पोस्टने. कलम २१८(१) मध्ये सरकारी नोकरांसाठी १२० दिवसांची मुदत आणि ती संपल्यावर मंजुरी मिळाली असं धरण्याची तरतूद आहे. ती सैन्यदलांसाठीच्या उपकलम (२) ला लागू पडते का, यावर आरोपीकडून आक्षेप येणारच. म्हणून १२० दिवस झाले की स्वस्थ बसू नका, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करा. बलात्कार, विनयभंग, पाठलाग यांसारख्या लैंगिक गुन्ह्यांत मंजुरी लागत नाही असं त्याच कलमातलं स्पष्टीकरण सांगतं. तो मुद्दा ठळक अक्षरांत लिहा.

मंजुरी नाकारली तर त्याची कारणं मागून त्या आदेशाला आव्हान द्या. "नाकारली" हे एक पत्र म्हणजे शेवट असं समजून अनेक जण इथेच थांबतात.

कोर्ट मार्शलची ओढाताण

दोन्ही न्यायालयांना अधिकार असलेल्या गुन्ह्यात १९७८ चे अधिकारक्षेत्र समायोजन नियम, म्हणजे खटला दोघांपैकी कोणी चालवायचा हे ठरवणारे नियम, लागू होतात. सक्षम लष्करी अधिकाऱ्याने स्वतःहून विनंती केली नसेल आणि तरीही न्यायदंडाधिकाऱ्याला खटला चालवायचा असेल, तर त्याने लेखी कारणं नोंदवून कमांडिंग ऑफिसरला नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस आरोप ठेवणं, खटला सत्र न्यायालयाकडे पाठवणं, निकाल देणं, सगळं थांबतं. ही नोटीस दिली गेली नाही तर वर्षांनी आरोपीचा वकील हाच धागा ओढून खटला उसवतो. म्हणून फिर्यादीच्या वकिलाने स्वतः अर्ज करून ती काढवून घ्यावी आणि बजावणीचा अहवाल फाइलवर आणावा.

१५ दिवसांत लष्कराने "आम्ही कोर्ट मार्शल करतो" असं कळवलं तर आरोपी त्यांच्या ताब्यात जातो. मग तुमचं काम संपलं असं नाही. काय कारवाई झाली हे लष्कराला न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी कोर्टात अर्ज देऊन तो अहवाल मागवा. काहीच कारवाई झाली नाही असं कळलं तर न्यायदंडाधिकारी राज्य सरकारला कळवतो आणि राज्य केंद्राशी बोलून पुढची पावलं उचलू शकतं. काश्मीरमधल्या पथरीबलच्या कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ मे २०१२ रोजी कोर्ट मार्शलचा पर्याय लष्करावर सोपवला, आणि जानेवारी २०१४ मध्ये लष्कराने पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद केलं. अशा वेळी साक्षीदारांना लष्करी चौकशीत बोलावलं का, त्यांना समन्स मिळालं का, याची नोंद घरच्यांनी स्वतः ठेवावी. कोर्ट मार्शलमध्ये पीडित म्हणून तुम्हाला जागा फार थोडी असते. तुमची कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी लेखी पाठवणं एवढं मात्र कोणी अडवू शकत नाही.

तारखा, वकील आणि पैसे

समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांचा खटला) फिर्यादी तारखेला गैरहजर राहिला आणि दिलेल्या ३० दिवसांतही आला नाही, तर आरोपी सुटू शकतो. तब्येत बिघडली तर गैरहजेरीचा अर्ज आदल्या दिवशीच द्या. खटला सत्र न्यायालयात गेला की तो सरकारी वकील चालवतो. तुमचा वकील त्याला मदत करतो आणि शेवटी लेखी युक्तिवाद देऊ शकतो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात मात्र कलम ३३९ खाली परवानगी घेऊन तुमचा वकील स्वतः खटला चालवू शकतो. आरोपी सुटला तर खासगी फिर्यादीला कलम ४१९ खाली उच्च न्यायालयात अपिलाची विशेष परवानगी मागता येते. मुदत ६० दिवस. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी टाका.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. वकील मिळाल्यावर पहिल्याच भेटीत विचारा: १९७८ चे नियम आणि कलम २१८ यांवर आधी काम केलं आहे का? नसेल तर त्या कलमांच्या प्रती छापून सोबत न्या आणि फिर्याद टाइप होण्याआधी एकत्र बसून वाचा.